कातडीचे कान

झाडीपट्टीतली दिवाळी भाऊबिजेला संपत नाही. खरे पाहता तेथे ती भाऊबिजेलाच रंगात येते. जुन्या चांदा जिल्ह्याचा हा मुलूख, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा आणि १९८२ साली त्यातून निराळा काढलेला गडचिरोली जिल्हा. धान हाताशी येऊ लागते, गावोगाव मंडई भरते, शंकरपटाच्या बैलांना तेल लागते आणि रात्र पडली की नाटकाचा पडदा वर जातो. वडसा गावी नाटकमंडळ्यांची कार्यालये आहेत. तेथून मंडळी निघतात त्या रात्रभराचे नाटक घेऊन. मांडवात मागे बसलेल्या म्हाताऱ्याला संवाद ऐकू येतातच असे नाही. पण ढोलकीवर थाप पडली की त्याची मान डोलते. विचाराल तर तो सांगेल की, ऐकू कमी येते खरे, पण ‘छातीत वाजते.’

या साध्या उत्तरात फार मोठा इतिहास दडलेला आहे. नाद ही केवळ कानांची मिरास, असे आपण धरून चालतो. परंतु नाद म्हणजे मुळात हालचाल. ढोलाचे कातडे थरथरते, ते हवेला ढकलते, हवा आपल्या कानाच्या पडद्याला ढकलते. वाटेत ती आपल्या छातीलाही ढकलते, बसायच्या सतरंजीखालच्या जमिनीलाही हलवते. कान हा त्या थरथरीचा सर्वांत तरबेज वाचक, एवढेच. पण तो एकुलता एक वाचक नव्हे. आपल्या सर्वांगावर पसरलेली कातडी हीदेखील एक अडाणी, पण प्रामाणिक श्रोती आहे.

नाद डोळ्यांना दाखवून देण्याचा मान जर्मनीतल्या एर्न्स्ट क्लाडनी या पंडिताकडे जातो. धातूच्या पातळ पत्र्यावर त्याने वाळू पसरली आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवला. वाळू नाचू लागली आणि जेथे पत्रा स्थिर होता तेथे गोळा होऊन रांगोळीसारख्या आकृत्या उमटल्या. १७८७ साली त्याने या आकृत्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलिप्पो पाचिनी या इटालियन संशोधकाने, विद्यार्थिदशेतच, माणसाच्या हातातल्या मज्जातंतूंच्या टोकाशी कांद्यासारख्या पापुद्र्यांचे बारीक कण पाहिले. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. थरथर टिपणे हे त्या कणांचे काम. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल ते पकडतात, आणि सेकंदाला सुमारे २०० ते ३०० कंपनांच्या टापूत ते सर्वांत तल्लख असतात. पेटी वाजवणाऱ्या वाचकांना सांगायचे तर, मधल्या सप्तकातल्या पांढरी एकची कंपने सेकंदाला सुमारे २६२ भरतात. म्हणजे आपले बोट ज्या टापूत सर्वांत जागे असते, त्याच टापूत तो स्वर येतो! कान वीस हजार कंपनांपर्यंत चढतो; बोट हजाराच्या आसपास दमते. बासरीची वरची तान बोटाच्या हाती लागत नाही. मृदंग, डग्गा, ढोल मात्र त्याच्या सहज ओळखीचे.

या अडाणी श्रोतीला शिकवण्याचा उद्योग प्रथम कोणी केला? शास्त्रज्ञांच्या आधी शिक्षकांनी केला, हे लिहिताना एका मास्तराला अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. अमेरिकेत सोफिया अल्कॉर्न नावाच्या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ऐकू न येणाऱ्या व न दिसणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत बसवली. मुलाने आपला अंगठा बोलणाऱ्याच्या ओठांवर ठेवायचा, बाकीची बोटे गालावर आणि गळ्यावर. आणि शब्द हाताने ‘ऐकायचा’. टॅड आणि ओमा या तिच्या दोन विद्यार्थ्यांच्या नावांवरून त्या पद्धतीला ‘टाडोमा’ म्हणतात. शिक्षणशास्त्रात पद्धतींना पंडितांची नावे मिळतात; येथे ती विद्यार्थ्यांची मिळाली, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

१९२४ च्या फेब्रुवारीत हेलन केलर यांनी न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाने सादर केलेली बेथोव्हनची नववी सिंफनी आपल्या घरी रेडिओवर ‘ऐकली’. दृष्टी आणि श्रवण दोन्ही लहानपणीच गमावलेल्या या बाईंनी रेडिओच्या ध्वनियंत्राचे झाकण काढून त्यातल्या पातळ पडद्यावर हलकेच बोटे टेकवली होती. वाद्ये कोणती आणि माणसांचा आवाज कोणता, याचा भेद आपल्याला बोटांनी जाणवला, असे त्यांनी वाद्यवृंदाला पत्राने कळवले. ज्याने ती रचना लिहिली, तोही ती लिहिताना बहिरा झालेला होता. त्याच दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉल्ट यांनी बोलण्याचे रूपांतर बोटाखालच्या थरथरीत करणारे ‘टेलेटॅक्टर’ हे यंत्र सिद्ध केले. यंत्र अवजड होते आणि शब्द सगळेच कळत नसत. पण लय आणि जोर कळत असे. आपल्या कथेचा पाया येथे पडला.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. कारण स्पर्शाचे मोल काय, हे पृथ्वीच्या पाठीवर जेथे फार महाग किंमत देऊन शिकले गेले, त्यांपैकी एक ठिकाण वरोड्याजवळ आहे.

१९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर ते खडकाळ रान उभे राहिले, ही हकिकत महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे. पण त्या सहा जणांच्या हातांकडे आपण क्वचितच लक्ष देतो. कुष्ठरोगाचे जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेनने शोधले. हे जंतू शरीराच्या थंड भागांतल्या मज्जातंतूंत, म्हणजे हात, पाय आणि चेहरा यांत ठाण मांडतात आणि पहिल्याप्रथम स्पर्शच चोरून नेतात. ज्याला विस्तव भाजत नाही, काटा बोचत नाही, कुदळीचा दांडा किती घट्ट धरला हे समजत नाही, अशा हातांनी आनंदवनात जमीन फोडली, विहिरी खोदल्या, शेते उभी केली.

ज्या वर्षी बाबांचा जन्म झाला त्याच वर्षी, म्हणजे १९१४ साली, तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरात एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या घरी पॉल ब्रँड यांचा जन्म झाला. हे शस्त्रवैद्य १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात होते. कुष्ठरोगाने बोटे ‘झडतात’, असे त्या वेळी जगभर मानले जाई. ब्रँड यांनी वर्षानुवर्षे हात तपासून दाखवून दिले की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती रोज थोडी थोडी जखमी होत जातात. भाजते, कापते, चेंगरते, आणि माणूस काम करीतच राहतो. वेदना ही शत्रू नव्हे, पहारेकरी आहे, हा धडा त्यांनी वैद्यकाला दिला.

पुढे अमेरिकेत कार्व्हिल येथील रुग्णालयात काम करताना ब्रँड यांनी एक धाडसी प्रयोग केला. हरवलेला पहारेकरी यंत्राने परत आणता येईल का? त्यांनी हातमोज्यांत दाब मोजणारे बारीक संवेदक बसवले. हातावर धोक्याइतका दाब पडला की रुग्णाच्या कानात आवाज वाजावा, अशी ती योजना. स्पर्शाचे नादात रूपांतर! गॉल्ट यांनी जे केले त्याच्या अगदी उलट. परंतु माणसाचे मन विचित्र आहे. रुग्णाला कानात इशारा ऐकू येई, आणि तो हातातले काम तसेच पुढे रेटी. मग आवाजाऐवजी, जेथे संवेदना शाबूत होती त्या काखेत, विजेचा झटका देऊन पाहिले. तेव्हा अवघड काम आले की रुग्ण यंत्रच बंद करीत आणि काम उरकले की पुन्हा चालू करीत. कित्येक वर्षांच्या आणि पुष्कळ पैशांच्या खटाटोपानंतर ब्रँड यांनी तो नाद सोडला. त्यांना जे उमगले ते असे: बाहेरून आलेला इशारा माणूस ऐकतो, पण तो आपला मानत नाही. जी संवेदना ‘माझी’ वाटत नाही, ती कितीही अचूक असली तरी फुकट.

हा धडा आपण गाठीला बांधून ठेवू, कारण पुढच्या सगळ्या यंत्रांची परीक्षा त्यावरच होणार आहे.

स्पर्शविद्येला इंग्रजीत ‘हॅप्टिक्स’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ स्पर्शासंबंधी. सामान्य माणसाच्या हाती ही विद्या आली ती खेळण्यांच्या आणि टेलिफोनच्या वाटेने. १९९७ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या खेळयंत्राला ‘रंबल पॅक’ नावाचा जोड दिला. पडद्यावर धडक झाली की हातात थरथर. त्या काळच्या थरथरीची यंत्रणा साधी होती. लहानशा मोटारीच्या दांडीवर एका बाजूला जड असलेली चकती. ती फिरली की सगळे यंत्र हेलकावे खाते, आरी वाकडी झालेल्या बैलगाडीच्या चाकासारखे. तिला वेग घ्यायला वेळ लागे आणि थांबायलाही वेळ लागे. असल्या यंत्रावर तबल्याचा ‘ना’ वाजवणे म्हणजे रोडरोलरने रांगोळी काढण्यासारखे. पुढे स्प्रिंगवर तोललेले वजन मागेपुढे हलवणारी नवी यंत्रे आली. ती झटकन सुरू होतात, झटकन थांबतात. तेव्हा कोठे या थरथरीला ‘वाद्य’ म्हणण्याजोगे रूप आले.

वाद्य आले की त्याची लिपी हवी. पलुस्कर आणि भातखंडे यांनी आपल्या रागांना स्वरलिपी दिली, तसे काम येथे संगणकाच्या आज्ञावलींनी केले. ॲपल कंपनीने २०१९ साली ‘कोअर हॅप्टिक्स’ ही व्यवस्था आपल्या फोनांसाठी खुली केली. तिच्यात स्पर्शाचे दोनच मूळ प्रकार धरले आहेत: एक क्षणिक टिचकी, दुसरा लांबत जाणारा घुमारा. प्रत्येकाला दोन गुण: जोर किती आणि धार किती. जोर म्हणजे थाप हलकी की भारी. धार म्हणजे ती बोथट लागते की टोकदार. या घटना कोणत्या क्षणी घडाव्यात हे सेकंदांच्या अपूर्णांकात लिहायचे, आणि त्याच पानावर नादही त्याच घड्याळाने बांधायचा. झाली स्पर्शाची स्वरलिपी!

ही लिपी हाताने लिहिणे किचकट असते, म्हणून कारागिरांसाठी अवजारे निघाली. बर्लिनच्या लोफेल्ट या कंपनीने ‘लोफेल्ट स्टुडिओ’ काढला. २०२२ साली ती कंपनी मेटाने घेतली, आणि मेटाचा ‘हॅप्टिक्स स्टुडिओ’ आज तेच काम करतो. या अवजारांची रीत समजायला अवघड नाही. संगणकाच्या पडद्यावर नादाची आकृती डावीकडून उजवीकडे डोंगररांगेसारखी उमटते. अवजार त्या डोंगरांच्या माथ्यावरून एक रेषा ओढते आणि त्या रेषेला अनुसरून थरथरीचा पहिला आराखडा आपोआप तयार करते. मग कारागीर आपला हात फिरवतो: येथे जोर कमी, तेथे टिचकी अधिक टोकदार, येथे काहीच नको. लगेच हातातल्या यंत्रावर ते वाजवून पाहायचे, पुन्हा दुरुस्त करायचे. नाद आणि स्पर्श यांची गाठ क्षणावर पडली पाहिजे. थाप कानाला एका क्षणी आणि हाताला जरा मागून आली तर मन दोघांनाही खोटे ठरवते. अँड्रॉइडच्या २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत चालू नादावरूनच थरथर निर्माण करण्याची सोय आली. आणि २०२४ साली ॲपलने आपल्या फोनांत ‘म्युझिक हॅप्टिक्स’ आणले: गाणे लावले की फोन त्या गाण्याबरोबर तळहातावर थापा देतो. ते कर्णबधिरांसाठी केलेले आहे. हेलन केलर यांनी झाकण काढून जो पडदा चाचपला, त्याला शंभर वर्षांनी खिशात जागा मिळाली.

येथवरची कथा गोड आहे. परंतु खरी कसोटी आता आहे, आणि ती आपल्या घरची आहे.

या अवजारांत जोराकडे पाहून आपोआप आराखडा करण्याची जी सोय आहे, ती आपल्या तालापुढे कशी टिकेल ते पाहू. त्रिताल घ्या. सोळा मात्रा; नवव्या मात्रेला खाली. खालीच्या विभागात ‘धिं’चे ‘तिं’ होते. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा काढून घेतात, तेराव्या मात्रेपर्यंत तो गप्प राहतो आणि चौदाव्या मात्रेला ‘धिं’बरोबर परत येतो. तबलजीचा उजवा हात या सगळ्या काळात ठणठणीत वाजतच असतो. आता केवळ एकंदर जोर मोजणाऱ्या अवजाराला काय दिसेल? सोळा सारख्याच टेकड्या. ते सोळा सारख्याच थापा देऊन मोकळे होईल. ज्या अनुपस्थितीमुळे ऐकणाऱ्याला ‘आता सम येणार’ असे कळते, ती अनुपस्थितीच पुसली गेली! तळहातावर उरले ते घण मारणे.

उपाय मात्र आहे आणि तो त्याच अवजारात आहे. तबल्याचे दोन हात दोन निराळ्या रांगांत लिहावेत. डाव्या हाताचा घुमारा हा लांबणारा, बोथट धारेचा. उजव्या हाताचा ‘ना’ ही क्षणिक, टोकदार टिचकी. मग खालीच्या वेळी घुमाऱ्याची रांग रिकामी ठेवली की कातडीलाही पोकळी कळेल, आणि तो परतला की सम जवळ आल्याचे कातडीलाही कळेल. पण हे कोण करणार? ज्याला खाली म्हणजे काय हे ठाऊक आहे तो. बर्लिन किंवा कॅलिफोर्नियातल्या हुशार अभियंत्याला हे सुचावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. झाडीपट्टीच्या ढोलकीची थाप, भामरागडच्या माडिया तरुणांच्या रेला नाचातला पायांचा ठेका, दंडारीची चाल, हे सारे ज्याच्या अंगात भिनले आहे, त्यानेच ते लिहिले पाहिजे. नाहीतर आपल्या मुलांच्या तळहातांना परक्या वाद्यांचीच भाषा येईल, आणि आपले ढोल त्या लिपीत ‘गोंगाट’ या एकाच शब्दाने नोंदले जातील.

दुसरी अट याहून महत्त्वाची. ज्याला ऐकू येते त्याने एकट्याने हे काम करू नये. कारण कान चालू असले की मन स्पर्शातली उणीव नादाने भरून काढते आणि कारागिराला वाटते, छान जमले. कानांत बोळे घालून पाहिले तरच खरे कळते; आणि त्याहून खरे, ज्याला कधीच ऐकू आले नाही त्याच्या हाती देऊन पाहिले तर. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. पण पुढे त्या जगद्विख्यात तालवादक झाल्या; नादाला पायांतून अंगात शिरू द्यावे म्हणून त्या बहुधा अनवाणी वाजवतात. अशा माणसाला आपण ‘रुग्ण’ समजून यंत्र देतो. वास्तविक त्याला ‘उस्ताद’ समजून सल्ला विचारला पाहिजे.

आणि अशी माणसे शोधायला आपल्याला दूर जायचे कारण नाही. आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे, कर्णबधिर मुलांची शाळा आहे, आणि कुष्ठमुक्तांची वसती आहे. डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद २००२ पासून महाराष्ट्रभर कार्यक्रम करीत आला. त्यात कुष्ठमुक्त, अंध, अपंग, कर्णबधिर असे कलावंत एकत्र रंगमंचावर येतात. हा मेळ नीट पाहा. एकाला नाद आहे पण दृष्टी नाही. एकाला दृष्टी आहे पण नाद नाही. एकाला दोन्ही आहेत पण बोटांना स्पर्श नाही. एकाचे जे हरवले ते दुसऱ्यापाशी आहे. स्पर्शाची नवी अवजारे घेऊन बसायला याहून चांगली कार्यशाळा जगात कोठे मिळेल, हे मला ठाऊक नाही.

येथे ब्रँड यांचा धडा पुन्हा आठवावा. संवेदना ‘माझी’ वाटली पाहिजे. दुकानदारीसाठी जागोजागी पेरलेली थरथर लोक दोन दिवसांत बंद करून टाकतात. कार्व्हिलच्या रुग्णांनी तेच केले होते. पण ज्या मुलीने स्वतः बसून आपल्या गावच्या ढोलकीचा घुमारा त्या पडद्यावर लिहिला, आपल्या तळहाताने तपासला, आपल्याला हवा तसा वळवला, तिला तो परका इशारा वाटणार नाही. तो तिचा ताल असेल.

आणखी एक गोष्ट या अवजारांच्या कर्त्यांनी विसरू नये. ही सारी फोनवरची विद्या असे गृहीत धरते की तळहात जागा आहे. सगळ्यांचे तळहात जागे नसतात. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून संयुक्त औषधोपचार मिळू लागला आणि लवकर सुरू केला तर तो रोगाला हात-पायांपर्यंत पोचू देत नाही. परंतु ज्यांचा स्पर्श आधीच गेला, त्यांचा तो गेला. मधुमेहानेही पुष्कळांच्या पायांचा स्पर्श जातो, आणि ते आपल्याच घरात असतात. त्यांच्यासाठी थाप द्यायची तर ती छातीवर द्यावी लागेल, पाठीवर द्यावी लागेल. शरीराचा जो भाग जागा असेल त्याला आधी विचारावे लागेल. ज्याने स्पर्शाचे वाद्य घडवायला घेतले, त्याने पहिला प्रश्न ‘कोणते गाणे?’ हा विचारू नये. ‘बाबा, तुला कोठे कळते?’ हा विचारावा.